डकारची कॅसेट, लंडनची सीडी: युसू एन्दूरने दोन बाजार कसे सांभाळले

प्रकरण अभ्यासात सहसा नावं बदलतात, इथे मात्र ते करून उपयोग नाही, कारण हा आवाज एकदा ऐकला की माणूस लगेच ओळखू येतो आणि सगळं घडलंय तेही जगासमोरच. माणूस म्हणजे सेनेगलचा गायक युसू एन्दूर. नव्वदच्या दशकात ज्यांनी एमटीव्ही बघितलाय त्यांच्या कानावरून 'सेव्हन सेकंड्स' गेलेलं असणार, त्यात सुरुवातीला जो उंच, थोडा धारदार पुरुषी आवाज वोलोफ भाषेत गातो तो याचाच. पण ते एक गाणं ऐकून हा माणूस कळत नाही, आणि मुळात तोच या प्रकरणातला मुद्दा आहे.

पारंपरिक संगीत आणि पॉप यांचं मिश्रण म्हटलं की आपण लगेच गाण्याच्या आत बघतो, ढोल किती, कीबोर्ड किती, इंग्रजी किती. मला वाटतं युसूच्या बाबतीत खरी गंमत गाण्याच्या बाहेर आहे. तो राहिला कुठे, रेकॉर्डिंग कुठे केलं, आधी कुणाला ऐकवलं, कॅसेट कुणाच्या मालकीची होती, या गोष्टींनी ते मिश्रण टिकवलं.

पार्श्वभूमी

युसूचा जन्म १ ऑक्टोबर १९५९ चा, डकारच्या मेदिना वस्तीतला. आईकडून घराणं ग्रियोंचं. ग्रियो म्हणजे पश्चिम आफ्रिकेत राजघराण्यांच्या आणि कुळांच्या पिढ्या तोंडपाठ ठेवणारे, लग्नात, बारशाला स्तुती गाणारे, भांडणात मध्यस्थी करणारे लोक, हे काम जन्माने येतं. वडील मेकॅनिक, त्यांच्या घराण्यात गाणं नाही, आणि मुलाने शिकावं, गाणंबिणं करू नये असं त्यांचं ठाम मत. म्हणजे गाणं घरातच होतं आणि गाण्याला विरोधही घरातच होता.

त्या काळात डकारच्या क्लबांमध्ये क्युबन संगीताचं राज्य होतं, ऑर्केस्ट्रा स्पॅनिश गाणी गायचे, भाषा कळो न कळो. युसू सत्तरच्या दशकाच्या मध्यात मियामी क्लबच्या स्टार बँडमध्ये गेला, आणि १९७९ मध्ये काही सोबत्यांबरोबर तिथून बाहेर पडून 'एत्वाल द डकार' काढलं, त्यातून पुढे 'सुपर एत्वाल'. या पोरांनी काय केलं तर क्युबन साच्यात सबार घुसवला. सबार हे वोलोफ लोकांचे उभे ढोल, एका हातात बारीक काठी आणि दुसरा हात उघडा, दोन्हींचा आवाज वेगळा, आणि एका वेळी वेगवेगळ्या आकाराचे पाच-सहा ढोल एकमेकांत गुंफून वाजतात. त्याच्या जोडीला तामा, मधे बारीक असलेला छोटा ढोल, काखेत धरायचा आणि दोऱ्या दाबून सूर वरखाली करायचा. आसान त्याम हा त्यांचा तामावाला, आणि त्याचा तामा साथीला मागे बसायचा नाही, तो गाणाऱ्याच्या बरोबरीने पुढे बोलायचा. या शैलीला म्हणतात म्बालाख.

इथे एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. सुपर एत्वालने नुसते ढोल आणून बँडशेजारी ठेवले नाहीत, त्यांनी ढोलांचे बोल काढून बाकीच्या वाद्यांना वाटून दिले. हबीब फाय बेस आणि कीबोर्ड बघायचा, तर कीबोर्डवर लाकडी पट्ट्यांच्या मारिम्बासारखा आवाज लावून त्यावर सबारची एक ओळ सतत फिरत ठेवायची, आणि जिमी म्बाये साधी इलेक्ट्रिक गिटार अशी वाजवायचा की ती कोरा किंवा खालाम या तिकडच्या तंतुवाद्यांसारखी वाटावी. म्हणजे वाद्य परदेशी आणि वाजतंय ते गावातलं. डकारच्या पोरांना ते पहिल्या झटक्यात कळलं, वोलोफमध्ये गाणं, आपल्या वस्तीतल्या गोष्टी, आणि पाय आपोआप हलतील अशी लय.

अडचण नेमकी काय होती

१९८४ च्या सुमाराला पॅरिसमधल्या सेनेगली टॅक्सीवाल्यांच्या संघटनेने बँडला बोलावलं, त्या अनुभवातून 'इमिग्रे' हा अल्बम आला, परदेशात राबणाऱ्या आपल्या माणसांसाठी. मग गोष्टी भराभर घडल्या. इंग्लंडचा रॉक गायक पीटर गेब्रियल त्याच्या आवाजाच्या प्रेमात पडला, १९८६ च्या त्याच्या 'सो' अल्बममधल्या 'इन युअर आईज'मध्ये शेवटी जो आवाज उसळी मारून वर जातो तो युसूचा. त्याच वर्षी अमेरिकन गायक पॉल सायमनच्या 'ग्रेसलँड' अल्बममध्येही तो एका गाण्यात तालवाद्यांवर आहे. १९८७ मध्ये लंडनच्या छोट्या रेकॉर्ड कंपन्यांनी ठरवून 'वर्ल्ड म्युझिक' ही पाटी काढली, दुकानात या रेकॉर्डी ठेवायच्या कुठे एवढाच साधा प्रश्न होता. १९८८ मध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेचा जगभरचा संगीत दौरा निघाला, ब्रूस स्प्रिंगस्टीन, स्टिंग, ट्रेसी चॅपमन, पीटर गेब्रियल आणि युसू, आणि हा दौरा ३० सप्टेंबरला नवी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवरही आला होता. आपल्याकडे त्या कार्यक्रमाची आठवण निघते ती स्प्रिंगस्टीनमुळे, पण त्याच मंचावर डकारचा हा तरुणही गायला होता.

एवढं सगळं झाल्यावर व्हर्जिनसारखी मोठी रेकॉर्ड कंपनी मागे आली आणि अडचण सुरू झाली. म्बालाख बाहेरच्या कानाला पटकन बसत नाही. त्यात तीनचा आणि चारचा हिशोब एकाच वेळी चालू असतो, ढोल मधेच वळण घेतात, युरोपातला श्रोता 'सम' शोधत बसतो आणि ती सापडेपर्यंत गाणं पुढे गेलेलं असतं. क्लबमध्ये गाणी लांबत जातात, नाचणाऱ्या बाईचा पाय कसा पडतोय ते बघून ढोलकरी बोल बदलतात, हे रेडिओच्या चार मिनिटांत कसं कोंबणार. आणि शब्द वोलोफ. कंपनीला हवं होतं सरळ चारच्या ठेक्याचं, गुळगुळीत आवाजाचं, जमलं तर थोडं इंग्रजी.

दुसऱ्या बाजूला डकार. तिथला श्रोता तेवढाच कडक. ठेका जरा संथ झाला, ढोल जरा मागे गेले की लगेच कुजबुज, हा आता गोऱ्यांसाठी गातो. आणि ही माणसं त्याला सोडून चालणारी नव्हती, त्याचं पोट आणि त्याचं नाव दोन्ही त्यांच्यावर उभं होतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय पॅरिसला जायचं. हा हवेतला पर्याय नव्हता, आजूबाजूचे सगळे तेच करत होते. मालीचा सालिफ केइता तिथे गेला आणि १९८७ मध्ये 'सोरो' हा जबरदस्त अल्बम केला. गिनीचा मोरी कान्ते, ग्रियो घराण्यातलाच, त्याने कोरा घेतला, त्याखाली डिस्कोचा ठेका घातला आणि 'ये के ये के' १९८८ मध्ये युरोपात काही देशांत पहिल्या नंबरवर गेलं. बेनिनची आंजेलिक किजो १९८३ मध्येच पॅरिसला आलेली. स्टुडिओ, पत्रकार, मॅनेजर, व्हिसा, सगळं पॅरिसमध्ये सोपं. किंमत एकच, रोजचा श्रोता बदलतो, आणि हळूहळू गाणंही त्याच्यासाठी होत जातं.

दुसरा पर्याय घरी राहायचं, बाहेरचा नाद सोडायचा. डकारमध्ये तो राजाच होता. पण सेनेगल लहान देश, कॅसेटचा भाव कमी, त्यात नकली कॅसेट बाजारात खऱ्याच्या बरोबरीने विकली जाते, मोठा बँड वर्षभर पोसायचा तर एवढ्यावर भागत नाही.

तिसरा पर्याय एकच रेकॉर्ड अशी करायची की दोघांनाही चालेल. ऐकायला हाच सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, बहुतेक कलाकार इथेच जातात, आणि माझ्या मते हाच सगळ्यात धोक्याचा, कारण मधलं काहीतरी करायला गेलं की दोन्हीकडचे लोक म्हणतात ठीक आहे, आणि ठीक आहे म्हणणारा माणूस रात्री दोन वाजता क्लबात नाचायला येत नाही.

चौथा पर्याय युसूने घेतला. दोन वेगळ्या रेकॉर्डी.

काय केलं

तो डकारमध्येच राहिला. घरच्यांसाठी जवळपास दरवर्षी कॅसेट काढायची, ढोल पुढे, तामा पुढे, शब्द वस्तीतले, आणि बाहेरच्यांसाठी काही वर्षांनी एक आंतरराष्ट्रीय अल्बम, ज्यात बऱ्याचदा तीच गाणी पुन्हा बांधलेली, थोडी आटोपशीर, मिक्स वेगळं. आधी गाणं डकारच्या क्लबात वाजायचं, तिथे चाललं की कॅसेटवर, आणि मग त्यातलं निवडक बाहेर. क्रम महत्त्वाचा आहे. बाहेर आधी आणि घरी नंतर असं त्याने सहसा होऊ दिलं नाही.

पण ही व्यवस्था पहिल्याच फटक्यात जमली असं नाही. व्हर्जिनसाठी १९८९ मध्ये 'द लायन' आला, पीटर गेब्रियलबरोबरचं 'शेकिंग द ट्री' त्यातलंच, १९९० मध्ये 'सेट' आला. 'सेट' हे गाणं तर डकारमध्ये एका अख्ख्या चळवळीशी जोडलं गेलं, त्या वेळी तरुण पोरं स्वतःहून रस्त्यावर उतरून गटारं, गल्ल्या साफ करत होती, भिंती रंगवत होती, 'सेट सेताल' म्हणत, म्हणजे स्वच्छ राहा, स्वच्छ करा. घरी हे चालू आणि तिकडे कंपनी आकडे बघत बसलेली, विक्री त्यांच्या अपेक्षेएवढी झाली नाही आणि 'सेट'नंतर व्हर्जिनने त्याला सोडलं.

निर्णयाची खरी जागा ही. पॅरिसला जाऊन बसलेला गायक असता तर करार सुटणं म्हणजे पायाखालची जमीनच गेली असती. युसूचं काय बिघडलं? रात्री क्लब होता, थियोसान नावाचा स्वतःचा, मध्यरात्र उलटल्यावर तो मंचावर यायचा आणि पहाटेपर्यंत चालायचं. कॅसेट विकली जात होती. आणि याच सुमाराला, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, त्याने डकारमध्ये 'खिप्पी' हा स्वतःचा स्टुडिओ उभा केला, पुढे 'जोलोली' हे स्वतःचं लेबल. परदेशी पैसा हातात आल्यावर कलाकार पहिल्यांदा काय घेतो यावरून खूप काही कळतं, याने मिक्सिंगचा बोर्ड घेतला. त्यामुळे पुढचा अल्बम, १९९२ चा 'आईज ओपन', अमेरिकन चित्रपट दिग्दर्शक स्पाइक लीच्या लेबलवर निघाला तरी काम आपल्या घरी, आपल्या माणसांत करता आलं. शिवाय बाकीच्या सेनेगली गायकांनाही चांगला स्टुडिओ मिळाला, तो भाग वेगळाच.

सेव्हन सेकंड्स

१९९४ चा अल्बम 'द गाइड'. यात सॅक्सोफोनवर ब्रॅनफर्ड मार्सालिस आहे, बॉब डिलनचं एक गाणं वोलोफमध्ये आणलंय, आणि स्वीडनची गायिका नेने चेरी हिच्याबरोबर 'सेव्हन सेकंड्स' आहे. तीन भाषा, वोलोफ, इंग्रजी, फ्रेंच. विषय असा की जन्मलेल्या बाळाला पहिले सात सेकंद जगातली हिंसा, भेदभाव माहीतच नसतात. फ्रान्समध्ये हे गाणं सलग १६ आठवडे पहिल्या नंबरवर होतं, ब्रिटनमध्ये तिसऱ्यापर्यंत गेलं, आणि त्या वर्षी एमटीव्ही युरोपचा सर्वोत्तम गाण्याचा पुरस्कार त्याला मिळाला.

आता हे गाणं नीट ऐका. सबार नाही. तामा नाही. संथ, चारचा ठेका, खाली कीबोर्डचे लांब सूर. म्हणजे ज्या गोष्टीसाठी डकार त्याच्यावर जीव टाकतं तिचा मागमूस नाही, तरीही गाणं त्याचंच आहे, कारण गळा ग्रियोचाच आहे, तो सूर पकडून ज्या तऱ्हेने वर जातो आणि तिथून बोलल्यासारखा खाली येतो ती तऱ्हा शिकवून येत नाही. मला हे गाणं मनापासून आवडतं, त्याला पातळ म्हणणाऱ्यांशी मी भांडेन. पण त्याने एक गुंता केला. फ्रान्समधल्या लाखो लोकांचा समज झाला की युसू म्हणजे हे, आणि ती माणसं मैफलीला आली तर समोर दहा-बारा जणांचा बँड आणि कानठळ्या बसवणारे ढोल.

त्याच वर्षी जानेवारीत सेनेगलचं चलन असलेल्या सीएफए फ्रँकचं मूल्य फ्रेंच फ्रँकच्या तुलनेत निम्मं केलं गेलं. डकारमध्ये आयात माल एकदम महागला, सामान्य माणसाचे हाल झाले. ज्याची कमाई परकीय चलनात त्याचे पैसे मात्र घरी दुप्पट झाले. अशा वेळी गावातल्या लोकांपासून तुटायला फार वेळ लागत नाही. त्याने कॅसेट काढणं थांबवलं नाही, क्लबात गाणं थांबवलं नाही, आणि मला वाटतं घरच्यांनी त्याला जवळ धरून ठेवलं ते याचमुळे.

दुसरा कठीण निर्णय: 'ईजिप्त'

'जोको'मध्ये, सन २००० मध्ये, स्टिंग, पीटर गेब्रियल, वाइक्लेफ जाँ असे सगळे पाहुणे आहेत आणि माझ्या कानाला तो अल्बम पाहुण्यांच्या ओझ्याखाली दबलेला वाटतो. त्यानंतर नॉनसच या अमेरिकन लेबलवर २००२ मध्ये 'नथिंग्ज इन व्हेन' आला, तो बराच मोकळा, गावची वाद्यं परत पुढे.

आणि मग 'ईजिप्त', २००४. सेनेगलमधल्या सुफी परंपरेवरची, शेख अमादू बाम्बासारख्या संतांची गाणी, साथीला कैरोचा संगीतकार फाती सलामा आणि तिथला वाद्यवृंद, आणि सेनेगलचा कोरा, लाकडी पट्ट्यांचं बालाफोन. पश्चिमेच्या पॉपकडे न जाता तो पूर्वेला गेला. हे काम खरं तर आधीच तयार होतं, पण ११ सप्टेंबर २००१ नंतर इस्लामवरचा अल्बम काढला तर लोक तो भलत्या अर्थाने घेतील म्हणून थांबवला होता. हे थांबणं मला पटतं.

घरी मात्र उलटंच झालं. जो माणूस रात्रभर लोकांना नाचवतो त्याने संतांची नावं बाजारात आणावी हे अनेकांना रुचलं नाही, टीका झाली, विक्रीला फटका बसला. सगळ्यात जवळच्या श्रोत्याने पाठ फिरवली आणि बाहेरचे समीक्षक डोक्यावर घेत होते. २००५ मध्ये ग्रॅमी मिळालं तेव्हा घरचं वारं फिरलं, देशाने सत्कार केला. हे वाचायला गोड वाटतं पण मला त्यात थोडं दुःखच दिसतं, आपल्याच संतांची आपल्याच गायकाने गायलेली गाणी आपल्या लोकांनी ऐकावीत म्हणून अमेरिकेतला शिक्का लागावा.

निकाल

बाकीचं थोडक्यात. १९९८ च्या फुटबॉल विश्वचषकाचं गीत त्याने बेल्जियमची गायिका ॲक्सेल रेड हिच्याबरोबर गायलं. वर्तमानपत्र, रेडिओ, २०१० पासून टीव्ही वाहिनी असा माध्यमसमूह डकारमध्ये उभा केला. २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उमेदवारी जाहीर केली, ती घटना परिषदेने मान्य केली नाही, त्याच वर्षी तो संस्कृती आणि पर्यटन मंत्री झाला. २०१३ मध्ये स्वीडनचा पोलर संगीत पुरस्कार.

पण मला निकाल दिसतो तो दुसरीकडे. मोरी कान्तेचं 'ये के ये के'एवढं मोठं दुसरं काही युरोपात झालं नाही. युसूचंही आंतरराष्ट्रीय हिट मोजायला गेलं तर एकच. फरक एवढाच की युसूला दुसऱ्या हिटची गरज पडली नाही. सेनेगलमध्ये म्बालाख आजही लग्नात, टॅक्सीत, क्लबात वाजतो आणि पुढच्या पिढीचे गायक त्यातच भर घालतायत.

काय वेगळं करता आलं असतं

पहिलं म्हणजे व्हर्जिनच्या काळातलं मिक्स. 'द लायन' आज ऐकताना त्या काळातल्या स्टुडिओच्या चकचकीत आवाजाखाली सबार दबलेला जाणवतो. गाणं आखूड करायला हरकत नव्हती, ढोल मागे ढकलायला नको होते. १९८४ च्या 'इमिग्रे'त काहीच मऊ केलेलं नाही, गाणी लांब आहेत, शब्द वोलोफ आहेत, आणि व्हर्जिन-अर्थवर्क्सने तो १९८८ मध्ये जसाच्या तसा पुन्हा काढल्यावर बाहेरच्यांनी तो उचलून धरलाच की. म्हणजे पुरावा कंपनीच्या कपाटातच होता.

दुसरं इंग्रजीचं. युसू वोलोफमध्ये गातो तेव्हा चाल बोलण्याच्या चढउतारावर बसलेली असते, इंग्रजीत तीच चाल अडखळते. नेने चेरीसारखी जोडीदार घेऊन इंग्रजी तिच्याकडे ठेवणं हा उपाय त्याला १९९४ मध्ये सापडला, तो आधीच्या अल्बमांत वापरला असता तर बरं झालं असतं.

तिसरं 'ईजिप्त'. इथे त्याचा नेहमीचा क्रम पाळला गेला नाही असं मला वाटतं. नेहमी गाणं आधी डकारच्या कानावर जायचं, महिनोन्महिने घोळायचं. ही गाणी क्लबात घोळवता येण्यासारखी नव्हतीच, पण धार्मिक मेळ्यांमध्ये गाणाऱ्या मंडळींना, संप्रदायातल्या जाणत्यांना आधी ऐकवणं, त्यांच्यातल्या कुणाला सोबत गायला घेणं शक्य होतं. परवानगी मागावी असं म्हणत नाहीये, कलाकाराला ती लागू नये. पण ऐकणाऱ्याला तयारीला वेळ मिळाला असता.

आणि चौथं, जे मला सगळ्यात जास्त खुपतं, ते म्हणजे दोन बाजार वेगळे ठेवण्याच्या नादात बाहेरच्या श्रोत्याला घरची कॅसेट कधी नीट मिळालीच नाही. एत्वाल द डकारच्या जुन्या रेकॉर्डिंगच्या सीडी लंडनच्या स्टर्न्स या रेकॉर्ड कंपनीने नव्वदच्या दशकात काढल्या, चांगलं काम केलं, पण ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या सुपर एत्वालच्या कॅसेट, ज्यांत हा बँड सगळ्यात धारदार आहे, त्या आज शोधायच्या तर कुणीतरी घरच्या टेपवरून चढवलेल्या, गाण्याची नावं चुकलेली, वाजवणाऱ्यांचा पत्ता नाही. त्या क्रमाने, मूळ टेपवरून साफ करून, कोण काय वाजवतंय याच्या नोंदीसकट काढायला हव्या होत्या. स्टुडिओ स्वतःचा होता, लेबल स्वतःचं होतं. हबीब फाय २०१८ मध्ये गेला, जिमी म्बाये २०२५ मध्ये. कुठल्या टेपवर कुणी काय वाजवलं हे सांगू शकणारे जे आहेत त्यांना समोर बसवून हे काम अजूनही करता येईल.